965 दिवस धरलेला डूख, आणि त्याचं बिल भरणारा तिसराच माणूस

29 मे 2017, सॅन फ्रान्सिस्को. बेसबॉलची मॅच, जायंट्सचं घरचं मैदान, समोर वॉशिंग्टन नॅशनल्स, मेमोरियल डेची सुट्टी. आठवी इनिंग, नॅशनल्स 2-0 ने पुढे, दोन आउट (तिसरा झाला की त्या इनिंगमधली बॅटिंग संपते), बेसवर, म्हणजे धाव काढताना गाठायच्या टप्प्यांवर, कोणी नाही. बॅटिंगला ब्राइस हार्पर आणि बॉल टाकायला जायंट्सचा रिलीव्हर, म्हणजे मॅचच्या मधे येणारा बदली पिचर (बोलर), हंटर स्ट्रिकलंड. पहिलाच बॉल ताशी 98 मैलाने, म्हणजे जवळपास 158 किलोमीटरने आला आणि धाडकन हार्परच्या उजव्या हिपवर बसला. हार्परने बॅटनेच त्याच्याकडे इशारा केला, बॅट टाकली आणि सरळ माउंडच्या, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्याच्या दिशेने सुटला. वाटेत हेल्मेट काढून फेकलं, ते कुठच्या कुठे भलतीकडेच गेलं (एवढा भारी बॉलप्लेअर आणि नेम असा, नंतर याच्यावर भरपूर हसले लोक), मग दोघांनी एकमेकांना ठोसे मारले, दोन्ही डगआउट (टीमच्या बसायच्या जागा) रिकामे झाले आणि मधे नुसता माणसांचा ढीग.

हे सगळं कशासाठी, तर 2014 मधे मारलेल्या दोन होम रनसाठी (होम रन म्हणजे साधारण आपला सिक्सर). दोन वर्षं सात महिने झाले होते त्याला. दिवसच मोजायचे तर 965.

मला हे प्रकरण बेसबॉलमधल्या बाकी मारामाऱ्यांपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण खुन्नस होती एकाची, लागला दुसऱ्याला, आणि सगळ्यात मोठा फटका बसला तो या दोघांपैकी कोणालाच नाही. त्यावर येतोच, पण आधी 2014 समजून घेऊ, नाहीतर मजा नाही.

2014 चा ऑक्टोबर, प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) नॅशनल लीग डिव्हिजन सीरीज, हेच दोन संघ. स्ट्रिकलंड तेव्हा एकदम नवा, सप्टेंबरमधेच मेजर लीगमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधे आलेला, जॉर्जियाचा पोरगा, बॉल जोरात टाकायचा एवढीच ओळख. हार्पर मात्र लहानपणापासूनच स्टार, सोळाव्या वर्षी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या कव्हरवर झळकलेला, 2010 च्या ड्राफ्टमधे (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या नंबरला उचललेला, आणि वय अजून फक्त 21. साहजिकच अर्ध्या देशाला तो आवडायचा आणि उरलेल्या अर्ध्याला बघवायचा नाही. 3 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमधे पहिल्या मॅचच्या सातव्या इनिंगमधे हार्परने स्ट्रिकलंडला असा काही मारला की बॉल पार वरच्या मजल्यावर प्रेक्षकांत जाऊन पडला. त्याच इनिंगमधे असद्रुबाल काब्रेरानेही त्याला होम रन मारला होता, पण तो कोणाच्या लक्षातही नाही आता. मग 7 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत चौथ्या मॅचमधे परत सातवी इनिंग, परत हेच दोघं, आणि यावेळी बॉल मैदानाबाहेर पाण्यात, मॅकोव्ही कोव्हमधे. मॅच 2-2 बरोबरीत आली. हार्पर थोडा थांबून बघत राहिला, आणि बेस पळताना स्ट्रिकलंडकडे टक लावून बघत गेला, तोंडाने काहीतरी पुटपुटतही होता.

पण मॅच जिंकली कोणी? जायंट्सनी. 3-2. सीरीज कोणी जिंकली, जायंट्सनी. त्या वर्षीची वर्ल्ड सीरीज, म्हणजे फायनलसुद्धा जायंट्सनीच जिंकली, कॅन्सस सिटीला सात मॅचमधे हरवून. म्हणजे ज्या माणसाच्या बोटात चॅम्पियनची अंगठी आहे त्याने सीरीज हरून घरी गेलेल्या माणसावर तीन सीझन डूख धरून ठेवला. हे मला आजपर्यंत झेपलेलं नाही.

आणि तो आधीपासूनच तापट होता हे त्याच वर्ल्ड सीरीजमधे दिसलं होतं. दुसऱ्या मॅचमधे ओमार इन्फान्तेने त्याला होम रन मारला तर हा होम प्लेटजवळ (बॅटर उभा असतो आणि धाव पूर्ण होते ती जागा) साल्वाडोर पेरेझशी जाऊन भांडला, जो बिचारा नुसता बेसवरून पळत घरी आला होता. म्हणजे मारला एकाने आणि वाद घातला दुसऱ्याशी.

आता आपल्यासारख्या क्रिकेटवाल्यांसाठी थोडं सांगतो, कारण आपल्याकडे बाउन्सर हा खेळाचा भाग आहे, बॅट्समनच्या अंगावर टाकला तर फार तर दोन शिव्या आणि एक रागीट लूक. बेसबॉलमधे बॉल टप्पा न खाता येतो, अंतर साधारण साडेअठरा मीटर, म्हणजे क्रिकेटच्या 22 यार्डांपेक्षाही कमी, आणि 98 मैलाचा बॉल यायला सेकंदाच्या चार दशांश एवढाच वेळ. आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ते बीमर, आणि बीमर टाकून बोलर हात वर करून सॉरी तरी म्हणतो. इथे बॅटरला लागला की शिक्षा काय तर त्याला पहिला बेस फुकट. बस. अंपायरला वाटलं की मुद्दाम मारलाय तर तो पिचरला हाकलू शकतो, सोबत मॅनेजरलाही हाकलू शकतो, किंवा दोन्ही टीमना ताकीद देऊन सोडू शकतो, पण "मुद्दाम" हे ठरवणार कसं हा कायमचा वांधा.

त्यामुळे लेखी नियमांच्या शेजारी एक अलिखित कायदा वाढत गेला, ज्याला ते लोक कोड म्हणतात. कोणी होम रन मारून जास्त मिरवलं, कोणी आपल्या माणसाला पाडलं, तर पुढच्या वेळी त्याला किंवा त्याच्या टीममधल्या कोणाला तरी एक बॉल अंगावर. पण खांद्याच्या खाली, डोक्यावर नाही. डोक्याचं कारण सगळ्यांना माहितीये, 16 ऑगस्ट 1920 ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा बॉल क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मेजर लीगमधे बॉल लागून जीव गेलेला तो एकमेव खेळाडू. आणि हेल्मेट सक्तीचं व्हायला त्यानंतर 1971 उजाडलं, आता बोला.

कोडचा दुसरा भाग म्हणजे मारामारी सुरू झाली की सगळ्यांनी धावायचं. डगआउटमधले, पार लांब बुलपेनमधे बसलेले राखीव पिचर, कोच, सगळे. न धावणारा तो गद्दार. यातले निम्मे लोक तिथे जाऊन नुसते एकमेकांच्या जर्सी धरून उभे राहतात हे खरं, पण धावावं लागतंच. या प्रकरणात हा दुसरा भागच महागात पडला.

आता मुद्दाम होतं का? स्ट्रिकलंड म्हणाला नाही. त्याचं म्हणणं असं की याआधी प्लेटच्या मधोमध टाकलेले बॉल याने मारलेत, म्हणून यावेळी आत टाकायचा होता, जरा जास्तच आत गेला. ऐकायला ठीक आहे. पण परिस्थिती बघा ना. 2014 नंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले. पहिलाच बॉल. दोन आउट आणि बेस रिकामे, म्हणजे हार्परला फुकट बेस दिला तरी फारसं बिघडत नाही, हिशेब चुकवायला यापेक्षा सोयीची वेळ पिचरला मिळत नाही. आणि बॉल डोक्याकडे नाही, हिपवर, कोडमधे बसेल असा नेमका. कोर्टात पुरावा म्हणून टिकणार नाही, पण मैदानातल्या एकाही माणसाला शंका नव्हती असं माझं मत. हार्परने मॅचनंतर सांगितलं की इतकी जुनी गोष्ट आहे, आता तिचा काय संबंध. तो या मधल्या काळात 2015 चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) होऊन बसला होता, एकमताने, त्याच्या डोक्यातसुद्धा नसेल हा माणूस.

मैदानातल्या एकाही माणसाला शंका नव्हती याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे बस्टर पोझी.

पोझी जायंट्सचा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), टीमचा चेहरा, आणि या सगळ्याच्या सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस. हार्पर त्याच्यासमोरून माउंडकडे निघाला. कॅचरचं पहिलं काम असतं अशा वेळी बॅटरला मागून धरायचं, पिचरपर्यंत पोचू द्यायचं नाही. पोझी हललाच नाही. जागेवर उभा राहून त्याने हार्परला जाताना बघितलं, बाकीची टीम त्याच्या आजूबाजूने पळत गेली तरी हा आरामात. व्हिडिओ बघा, त्या सगळ्या गोंधळात एकटा पोझी बस चुकलेल्या माणसासारखा निवांत उभा दिसतो. नंतर विचारलं तर म्हणाला की एवढे धिप्पाड लोक तिथे लोळत होते, साधारण अशा अर्थाचं. सरळ कोणालाच काही बोलला नाही.

बऱ्याच लोकांनी त्याला नावं ठेवली, टीममेटला वाऱ्यावर सोडलं म्हणून. मला तर तो एकटाच शहाणा वाटतो. 2011 च्या मे महिन्यात होम प्लेटवर स्कॉट कझिन्सशी टक्कर होऊन त्याचा पाय मोडला होता, पूर्ण सीझन गेला. आणि या मारामारीच्या जेमतेम सात आठवडे आधी, 10 एप्रिल 2017 ला, ॲरिझोनाच्या तैहुआन वॉकरचा बॉल त्याच्या हेल्मेटवर बसला होता आणि तो कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला मार बसलेल्या खेळाडूंच्या यादीत गेला होता. अशा माणसाने दुसऱ्याच्या जुन्या खुन्नशीसाठी परत डोकं का फोडून घ्यायचं? आणि कोडच्याच भाषेत बोलायचं तर कोड टीमसाठी असतो, इथे टीमवर कोणी हात टाकला होता? टीम तर जिंकली होती.

असंच काहीसं महिनाभर आधी बॉस्टनच्या बाबतीत झालं होतं. 21 एप्रिलला बाल्टिमोरच्या मॅनी मचाडोने बेसवर घसरत येताना डस्टिन पेड्रोयाचा पाय जखमी केला, आणि 23 तारखेला बॉस्टनच्या मॅट बार्न्सने मचाडोच्या डोक्यामागून बॉल टाकला. पेड्रोया, म्हणजे ज्याच्यासाठी बदला घेतला जातोय तोच, डगआउटमधून मचाडोला ओरडून सांगत होता की हे माझ्याकडून नाही. बार्न्सला चार मॅच बंदी. ज्यांच्या नावाने बदला घेतात त्यांना तो हवा असतो का, हे विचारायची पद्धतच नाही या कोडमधे.

आता मायकल मॉर्स.

मॉर्स हा सहा फूट पाच इंच उंच, भारदस्त, पण स्वभावाने सगळ्यांचा लाडका माणूस. तो आधी नॅशनल्सकडे होता, 2012 मधे हार्पर मेजर लीगमधे आला तेव्हा दोघं एकाच टीममधे खेळलेत. मग 2014 मधे मॉर्स जायंट्सकडे, म्हणजे हार्परने स्ट्रिकलंडला ते दोन होम रन मारले तेव्हा हा स्ट्रिकलंडच्या बाजूला. त्याच ऑक्टोबरमधे सेंट लुइसविरुद्ध पाचव्या मॅचला बदली बॅटर म्हणून येऊन त्याने बरोबरी साधणारा होम रन मारला, आणि वर्ल्ड सीरीजच्या सातव्या मॅचला जायंट्सला पुढे नेणारी धावसुद्धा त्याच्याच फटक्यावर आली. त्यानंतर करिअर उतरणीला लागलं. 2017 च्या आधी हंटर पेन्सच्या लग्नात जायंट्सच्या जनरल मॅनेजरशी गप्पा झाल्या आणि त्यातून त्याला परत एक संधी मिळाली, मायनर लीग (खालच्या लीगच्या) करारावर. 26 एप्रिलला मेजर लीगमधे परत आला आणि पहिल्याच मॅचमधे डॉजर्सविरुद्ध बदली बॅटर म्हणून होम रन. वय 35. असं कमबॅक कोणाला नाही आवडणार.

आणि मग 29 मे. दोन्ही बाजूंना ओळखणारा हा माणूस ढिगाच्या दिशेने धावला. दुसरीकडून जेफ समार्झा आला. समार्झा जायंट्सचा पिचर, त्या दिवशी खेळतही नव्हता, पण कॉलेजमधे नोटर डेमकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला, उंची तीही सहा फूट पाच, आणि तो धावला तो फुटबॉलमधे टॅकलला धावतात तसाच, हार्परवर नेम धरून. मधे आला मॉर्स. दोघं पूर्ण वेगात एकमेकांवर आदळले. हार्पर बाजूला राहिला, त्याला त्या धडकेची झळही लागली नाही. मॉर्सला कन्कशन झालं, त्याला जखमींच्या यादीवर टाकलं, आणि तो परत कधीही मेजर लीगमधे खेळला नाही.

म्हणजे विचार करा, स्वतःच्याच टीमच्या माणसाने, स्वतःच्याच टीमच्या पिचरने काढलेल्या भांडणात. नरी कॉन्ट्रॅक्टरना 1962 मधे बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला आणि त्यांचं टेस्ट करिअर संपलं हे आपल्या जुन्या मंडळींना पाठ असतं. निदान तिथे खेळ चालू होता आणि बॉल लागला होता. मॉर्सला बॉलही लागला नाही.

तिकडे स्ट्रिकलंड अजून शांत व्हायला तयार नव्हता, हंटर पेन्स आणि बाकी टीममेट्सनी त्याला अक्षरशः उचलून ओढत आत नेलं. तो आणि हार्पर दोघेही मॅचमधून बाहेर. नॅशनल्सनी मॅच 3-0 ने घेतली आणि पुढच्या दोन्हीही जिंकल्या. मुद्दाम कोणाला बॉल मारून परतफेड करायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांचा मॅनेजर डस्टी बेकर, जो स्वतः दहा वर्षं जायंट्सचा मॅनेजर होता. सीझनच्या शेवटी नॅशनल्स 97 मॅच जिंकून डिव्हिजनमधे पहिले, जायंट्स 98 मॅच हरून तळाला. हे त्या मारामारीमुळे झालं असं नाही म्हणत मी, जायंट्स तसेही वाईटच खेळत होते त्या वर्षी, पण अशा सीझनमधे टीमला जुन्या होम रनचा बदला हवा होता की एखादा विजय, याचं उत्तर सोपं आहे.

शिक्षा: स्ट्रिकलंडला सहा मॅच, हार्परला चार, अपीलवर त्याच्या तीन झाल्या. इथे मला लीगचं गणितच पटत नाही. 162 मॅचच्या सीझनमधे सहा मॅच म्हणजे काय लागतं? त्यातही रिलीव्हर निदान रोज उपलब्ध असतो, म्हणून त्याला थोडं तरी झोंबतं. स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा पिचर पाचव्या दिवशी एकदा खेळतो, त्याला पाच मॅचची बंदी म्हणजे जवळजवळ सुट्टीच, फार तर एक दिवस उशिरा खेळेल. 1965 च्या ऑगस्टमधे याच जायंट्सच्या वान मारिशालने डॉजर्सच्या जॉन रोझबरोच्या डोक्यात चक्क बॅट घातली होती, रोझबरोला 14 टाके पडले, आणि मारिशालला बंदी किती तर आठ मॅच आणि 1,750 डॉलर दंड, म्हणजे स्टार्टर म्हणून त्याच्या दोन पाळ्या बुडाल्या. बॅट घालून दोन पाळ्या. त्यामानाने बॉल मारणाऱ्याला कोण विचारतो. माझ्या मते बंदी मॅचमधे न मोजता त्या पिचरच्या पाळ्यांमधे मोजली पाहिजे, मग कळेल. आणि मुद्दाम मारलेल्या बॉलला एकच बेस कशाला, दोन द्या, बघू किती जणांना कोड आठवतो.

आणि पाच मॅचची बंदी हवेत नाही सांगत, याच हार्परच्या बाबतीत झालंय ते. 6 मे 2012, हार्पर 19 वर्षांचा, मेजर लीगमधे येऊन आठवडाच झालेला. फिलाडेल्फियाच्या कोल हॅमल्सने पहिल्याच इनिंगमधे त्याच्या पाठीत बॉल मारला, आणि मॅचनंतर सरळ सांगून टाकलं की हो, मुद्दामच मारला. कोडमधला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. पाच मॅच बंदी मिळाली, स्टार्टर असल्याने त्याचं फार काही बुडालं नाही. पण त्याहून भारी काय झालं, हार्पर गुपचूप पहिल्या बेसवर गेला, पुढच्या फटक्यावर तिसऱ्यापर्यंत पोचला, आणि हॅमल्सने पहिल्या बेसकडे बॉल टाकला त्या क्षणी सुटला आणि होम प्लेट चोरली, म्हणजे फटक्याशिवायच पळून धाव काढली. पाठीत बॉल मारणाऱ्याच्या नाकावर टिच्चून एक धाव. आणि नॅशनल्सच्या पिचरनेही हॅमल्सला परत बॉल मारलाच त्याच मॅचमधे (हॅमल्स तेव्हा बॅटिंग करायचा, नॅशनल लीगमधे पिचरना करावी लागायची), पण तो कोणाला आठवतो? होम चोरलेलं मात्र सगळ्यांना आठवतं.

म्हणून 2017 साठी मी हार्परलाही पूर्ण सोडत नाही. टीम 2-0 ने पुढे होती, पहिला बेस मिळाला होता, आणि याच्यापेक्षा चांगलं उत्तर त्याला एकोणिसाव्या वर्षीच सुचलं होतं. पण 158 किलोमीटरने हाडावर बॉल बसल्यावर घरी मोबाइलवर व्हिडिओ बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी शांततेचे सल्ले द्यावेत का, हा प्रश्न आहेच. शिवाय तिथे स्ट्रिकलंड हा रिलीव्हर, म्हणजे त्याच्या हातात बॅट येण्याचा प्रश्नच जवळजवळ नाही, त्याला काही परत मिळणार नाही हे हार्परलाही माहीत होतं. जी किंमत असते ती दुसराच कोणीतरी बॅटर मोजतो, आणि इथे तर तेही नाही.

स्ट्रिकलंडचा पुढचा प्रवासही बघण्यासारखा आहे. 2018 च्या जूनमधे मायामीविरुद्ध हातातली मॅच घालवल्यावर त्याने रागाने दरवाजावर ठोसा मारला आणि स्वतःचा उजवा हात मोडून घेतला, पिचरचा बॉल टाकायचा हात. निदान त्या वेळी दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. मग तो सिएटलला गेला, आणि 2019 च्या जुलैच्या शेवटी तिथून ट्रेड होऊन आला तो कुठे, तर वॉशिंग्टन नॅशनल्सकडे. हार्पर काही महिने आधीच 33 कोटी डॉलरचा करार करून फिलाडेल्फियाला निघून गेला होता, म्हणून दोघांना एका ड्रेसिंग रूममधे बघायचा योग हुकला. त्या वर्षी नॅशनल्सनी वर्ल्ड सीरीज जिंकली, हार्पर गेल्यावर पहिल्याच सीझनमधे, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉजर्सविरुद्धच्या पहिल्या मॅचमधे स्ट्रिकलंड आला तेव्हा गॅव्हिन लक्स आणि जॉक पीडरसन या दोघांनी त्याला एकाच इनिंगमधे होम रन मारले. दोघंही डावखुरे, हार्परसारखेच.